पंचवीस डॉलरचा दंड

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात २६ एप्रिल २०१७ रोजी एका खटल्याच्या सुनावणीत सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्‌स यांनी सरकारी वकिलांना वरकरणी साधा वाटणारा एक प्रश्न विचारला. ताशी पंचावन्न मैलांची मर्यादा असलेल्या रस्त्यावर आपण पूर्वी कधीतरी ताशी साठ मैलांच्या वेगाने गाडी हाकली होती आणि त्याबद्दल आपल्याला अटक झाली नव्हती, असे सांगून ते म्हणाले की, नागरिकत्वाच्या अर्जात तर 'ज्याबद्दल अटक झाली नाही असा एखादा अपराध तुम्ही कधी केला आहे काय' असे विचारलेले असते. एखाद्या स्थलांतरिताने या प्रश्नापुढे 'नाही' असे लिहिले आणि वीस वर्षांनी सरकारला ते पाच मैल आठवले, तर त्याचे नागरिकत्व काढून घेता येईल काय? सरकारी वकिलांनी ही शक्यता नाकारली नाही. कायद्याचा सरकारला अभिप्रेत असलेला अर्थ स्वीकारला तर तसे करता येईल, असेच त्यांच्या उत्तराचे तात्पर्य होते. हा युक्तिवाद नागरिकत्वाच्या अमोल मूल्याची अवहेलना करणारा आहे, अशा आशयाची नापसंती न्यायमूर्ती अँथनी केनेडी यांनी तेथल्या तेथे व्यक्त केली.

अमेरिकन न्यायालयातील या संवादाशी आपला काय संबंध, असे कोणी विचारील. परंतु आज महाराष्ट्रातील शिक्षकाच्या, बँकेतील कारकुनाच्या किंवा सेवानिवृत्त कर्मचाऱ्याच्या घरातील मुलगा अथवा मुलगी परदेशात शिकते वा नोकरी करते ही गोष्ट अपवादात्मक राहिलेली नाही. आधी विद्यार्थी म्हणून व्हिसा, मग नोकरीसाठी परवाना, नंतर कायम वास्तव्याचे कार्ड आणि शेवटी नागरिकत्व अशी ही पायऱ्यांची वाट आहे आणि प्रत्येक पायरीवर एक अर्ज आहे. वेगमर्यादा ओलांडल्याबद्दल भरलेला दंड, विद्यार्थिदशेतील एखादे भांडण, मोर्चात झालेली दोन तासांची स्थानबद्धता यांचा उल्लेख या अर्जात करावा की करू नये, हा प्रश्न मग घरोघर दूरध्वनीवरून चर्चिला जातो. 'एवढ्या क्षुल्लक गोष्टी कशाला लिहायच्या?' असा सल्ला देणारे हितचिंतक आणि मध्यस्थ यांचा आपल्याकडे कधीच तुटवडा नसतो. हा सल्ला कायद्याच्या दृष्टीने घातक आहे. परंतु तो द्यावासा व घ्यावासा का वाटतो, याचाही विचार झाला पाहिजे.

प्रथम अर्जातील शब्द पाहावेत. अमेरिकन नागरिकत्वासाठी जो एन-४०० या क्रमांकाचा अर्ज भरावा लागतो, त्यात तुम्हाला कधीही, कोठेही, कोणत्याही कारणाने पोलिस अधिकाऱ्याने अटक केली आहे काय, स्थानबद्ध केले आहे काय, किंवा तुमच्यावर कारवाईची लेखी नोटीस बजावली आहे काय, असे विचारलेले असते. 'कधीही' या शब्दाला येथे पूर्ण अर्थ आहे. नोंद पुढे न्यायालयाने पुसून टाकली असली, किंवा आता तुमच्या नावावर काही उरलेले नाही असे कोणी सांगितले असले, तरीही उत्तर द्यावेच लागते. वाहतूक पोलिसाने हातात दिलेला दंडाचा कागद ही अशीच लेखी नोटीस असते. सामान्य माणसाची गफलत नेमकी येथे होते. त्याच्या मनात 'गुन्हा' या शब्दाबरोबर चोरी, मारामारी, तुरुंग यांची चित्रे उभी राहतात. रस्त्याच्या कडेला गाडी थांबवून मिळालेला कागद त्याच्या लेखी गुन्ह्यात जमा होत नाही.

याच विभागाने अर्जदारांसाठी काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत एक सवलतही आहे. मद्य अथवा अमली पदार्थांशी संबंध नसलेल्या, प्रत्यक्ष अटक न झालेल्या आणि केवळ पाचशे डॉलरपेक्षा कमी दंडावर मिटलेल्या वाहतूक प्रकरणांची कागदपत्रे जोडण्याचे कारण नाही, असे तीत म्हटले आहे. पुष्कळांचा समज असा होतो की, कागदपत्रे नकोत म्हणजे उत्तरही नको. वस्तुतः या दोन गोष्टी भिन्न आहेत. सूट मिळाली आहे ती पुराव्याच्या कागदाला. प्रश्नाच्या खऱ्या उत्तराला मिळालेली नाही.

क्षुल्लक दंड लपवल्याने काय होऊ शकते आणि काय होऊ नये, याचा सर्वांत बोलका दाखला अमेरिकेच्या न्यायालयीन इतिहासातच आहे. हंगेरीत जन्मलेला चॉन्ट नावाचा एक कामगार कार्यकर्ता १९४० साली अमेरिकेचा नागरिक झाला. पूर्वी कधी अटक झाली आहे काय, या प्रश्नाला त्याने नकारार्थी उत्तर दिले होते. प्रत्यक्षात कनेटिकट राज्यातील न्यू हेवन या गावी १९२९-३० या काळात त्याला तीनदा अटक झाली होती. पहिल्या वेळी त्याने नगरपालिकेचा नियम मोडून पत्रके वाटली होती आणि त्यातून तो सुटला. दुसऱ्या वेळी त्याने गावातील मैदानावर नियमाविरुद्ध भाषण केले होते. तिसऱ्या वेळी सार्वजनिक शांततेचा भंग केल्याबद्दल त्याला पंचवीस डॉलर दंड झाला. त्यावर त्याने अपील केले आणि पुढे सरकारने तो खटलाच सोडून दिला. अशा या तीन प्रकरणांचा आधार घेऊन १९५३ साली, म्हणजे नागरिकत्व देऊन तेरा वर्षे झाल्यावर, सरकारने ते रद्द करण्याचा दावा दाखल केला.

हे प्रकरण १९६० साली सर्वोच्च न्यायालयापुढे आले. सहा विरुद्ध तीन अशा बहुमताने न्यायालयाने चॉन्टच्या बाजूने निर्णय दिला. न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांनी लिहिलेल्या निकालाचा गाभा असा की, खोटे उत्तर दिले एवढ्यावरून नागरिकत्व जात नाही. जे लपवले ते महत्त्वाचे होते, हे सरकारने निःसंदिग्धपणे सिद्ध केले पाहिजे. त्या अटका अर्जाच्या दहा वर्षे आधीच्या होत्या, त्यांत नीतिभ्रष्टता नव्हती आणि त्या सांगितल्या असत्या तरी नागरिकत्व नाकारण्याचे कारण मिळाले नसते. या अटकांचा माग काढला असता तर साम्यवाद्यांशी असलेला संबंध उघड झाला असता, असे सरकारचे म्हणणे होते. परंतु ज्या संघटनेवरून तो संबंध सहज कळला असता, तिचे नाव त्याने अर्जात स्वतःहून दिले होते.

विरोधी मत देणाऱ्या तीन न्यायमूर्तींचे म्हणणेही दुर्लक्षिण्याजोगे नाही. न्यायमूर्ती टॉम क्लार्क यांच्या मते प्रश्न स्पष्ट होता आणि उत्तर खोटे होते. खऱ्या उत्तराचा सरकारला हक्क आहे, कारण चौकशी कोणत्या दिशेने करावयाची हे त्या उत्तरावरच ठरते. एखादी बाब क्षुल्लक आहे की नाही हे अर्जदारानेच ठरवू लागल्यास प्रत्येकाला स्वतःचा अपराध क्षुल्लकच वाटेल, हा आक्षेप आजही तितकाच खरा आहे. सरकारने व्यापक प्रश्न विचारणे हे अन्यायाचे नाही. विचारण्याची व्याप्ती आणि शिक्षेची व्याप्ती एकच मानणे हे मात्र अन्यायाचे आहे. चॉन्ट प्रकरणातील बहुमताने हाच भेद ओळखला.

परंतु या निकालाचा आधार घेऊन 'लपवले तरी चालते' असा निष्कर्ष कोणी काढील तर तो फसेल. कुंगीस या लिथुएनियात जन्मलेल्या माणसाच्या खटल्यात १९८८ साली त्याच न्यायालयाने दुसरी बाजू स्पष्ट केली. जन्माची तारीख व गाव खोटे सांगितल्याचा आरोप त्याच्यावर होता. नागरिकत्व रद्द करण्याच्या कलमाला लपवलेली गोष्ट 'महत्त्वाची' असावी लागते, हे न्यायालयाने मान्य केले. परंतु सच्छील चारित्र्याची जी कायदेशीर अट आहे, तिच्यात अशी कसोटी नाही, असेही सांगितले. स्थलांतराचा वा नागरिकत्वाचा लाभ मिळवण्याच्या हेतूने शपथेवर तोंडी खोटे सांगितले, तर ते खोटे कितीही बारीक असले तरी चारित्र्याला डाग लागतोच. म्हणजे ज्या दंडाने अर्जाचे काहीच बिघडले नसते, तो दंड मुलाखतीत अधिकाऱ्यासमोर जाणूनबुजून नाकारल्याने अर्ज बुडू शकतो. प्रामाणिक विस्मरण आणि हेतुपूर्वक असत्य यांत कायदा फरक करतो खरा. पण विस्मरण प्रामाणिक होते, हे नंतर पटवून देण्याची पाळी अर्जदारावरच येते. कॅनडाचा कायदा तर महत्त्वाची माहिती लपवणाऱ्यास पाच वर्षे देशात प्रवेशास अपात्र ठरवतो. २०१४ पर्यंत ही मुदत दोन वर्षांची होती.

लेखाच्या आरंभी ज्या सुनावणीचा उल्लेख केला, त्या खटल्याचा निकाल २२ जून २०१७ रोजी लागला. बोस्नियातून निर्वासित म्हणून आलेल्या मास्लेन्याक नावाच्या स्त्रीने पतीच्या लष्करी सेवेबद्दल खोटे सांगितले होते. पतीची तुकडी ज्या लष्कराची होती, त्याच्या हातून १९९५ साली स्रेब्रेनित्सा येथे हत्याकांड घडले. असत्य मोठे होते, यात शंका नाही. तरीही निष्कर्षाबाबत सर्व न्यायमूर्तींचे एकमत झाले आणि तिची शिक्षा रद्द करून खटला पुन्हा खालच्या न्यायालयाकडे पाठवण्यात आला. न्यायमूर्ती एलेना केगन यांनी नियम घालून दिला की, असत्याचा नागरिकत्व मिळण्याशी कार्यकारणसंबंध असला पाहिजे. खरी गोष्ट कळली असती तर अर्ज नाकारला गेला असता, किंवा तिच्यावरून चौकशी होऊन नकाराचे खरे कारण हाती लागले असते, हे सरकारने दाखवावे. लज्जेने, भीतीने वा संकोचाने लपवलेल्या निरुपद्रवी गोष्टीसाठी नागरिकत्व काढून घेण्याचा अधिकार सरकारला दिला, तर नवनागरिकाच्या डोक्यावर तलवार कायम टांगलेली राहील, ही भीती या निकालामागे होती. दिवाणी मार्गाने नागरिकत्व रद्द करण्याला त्या देशात कालमर्यादा नाही, हे लक्षात घेतले म्हणजे या भीतीचे गांभीर्य कळते.

न्यायालयांनी अशी मर्यादा घातली असली तरी प्रशासनाचा कल गेल्या काही काळात उलट दिशेने झुकला आहे. ११ जून २०२५ रोजी अमेरिकेच्या न्याय खात्याच्या दिवाणी शाखेने नागरिकत्व रद्द करण्याच्या दाव्यांना अग्रक्रम देण्याचा आदेश काढला. त्यात दहशतवाद, युद्धगुन्हे, आर्थिक फसवणूक असे गंभीर वर्ग आहेत. पण शाखेला महत्त्वाचे वाटेल असे अन्य कोणतेही प्रकरण घेण्याची मुभाही आहे. त्याच वर्षीच्या १५ ऑगस्टला नागरिकत्व व स्थलांतर सेवा विभागाने चारित्र्याच्या कसोटीविषयी नवे परिपत्रक काढले. अर्जदाराने समाजासाठी केलेले चांगले काम विचारात घ्यावे, असे त्यात म्हटले आहे, ही स्वागतार्ह गोष्ट होय. मात्र कायद्याने अपात्र न ठरवणारे परंतु नागरी जबाबदारीशी विसंगत असे वर्तनही तपासावे असे सांगताना, उदाहरण म्हणून बेदरकार अथवा सवयीने केलेल्या वाहतूक नियमभंगांचा उल्लेख आहे. 'सवयीने' म्हणजे कितीदा, हे अधिकाऱ्याच्या विवेकावर सोपवलेले आहे. पाच वर्षांत दोन दंड झालेला माणूस कोणत्या बाजूला पडेल, याचे उत्तर त्याला कोठेही छापील सापडणार नाही.

विवेकाशिवाय यंत्रणा चालली म्हणजे काय होते, हे २०२५ च्या वसंत ऋतूत परदेशी विद्यार्थ्यांनी अनुभवले. सुमारे तेरा लाख विद्यार्थ्यांची नावे पोलिसांच्या राष्ट्रीय माहितीकोशाशी ताडून पाहण्यात आली, सुमारे ६,४०० नावांची नोंद जुळली आणि हजारो विद्यार्थ्यांचे विद्यार्थी म्हणून असलेले अभिलेख बंद करण्यात आले. त्यांत वाहतुकीच्या किरकोळ प्रकरणांपलीकडे ज्यांच्या नावावर काही नव्हते, असे अनेक होते. टेक्ससमध्ये शिकणाऱ्या एका भारतीय विद्यार्थ्यावर २०१८ साली बेदरकार गाडी चालवल्याचा आरोप ठेवून नंतर तो मागे घेण्यात आला होता, आणि मागे घेतल्याची नोंदही त्याच माहितीकोशात होती. ७३४ नावांच्या ज्या यादीत त्याचे नाव होते, ती यादी वरिष्ठाकडे गेली आणि चोवीस तासांच्या आत सर्वांचे अभिलेख बंद करण्याचा हुकूम परत आला. एकेक नाव कोणी वाचलेच नाही, असा उघड अर्थ वॉशिंग्टनमधील न्यायाधीश अ‍ॅना रेयीस यांनी यातून काढला. ठिकठिकाणच्या न्यायालयांत दावे दाखल झाल्यावर २५ एप्रिलला सरकारने अभिलेख पूर्ववत करण्याचे जाहीर केले.

या प्रकरणातून अर्जदारांनी एक बोध घेतला पाहिजे. लपवण्याने काही लपत नाही, कारण यंत्राला आधीच माहीत असते. परंतु शासनानेही त्यातून बोध घ्यावयास हवा. सत्य सांगणाऱ्याला त्या सत्याचे योग्य वजन केले जाईल याची खात्री वाटली, तरच तो ते निर्भयपणे सांगतो. ज्या कचेरीत पंचवीस डॉलरचा दंड आणि दरोडा एकाच तराजूत टाकले जातात, तेथे माणसे खोटे बोलावयास शिकतात. आणि मग त्या खोट्याबद्दल शिक्षा करण्याचा नैतिक अधिकार त्या कचेरीला कितपत उरतो? याचा अर्थ सर्वच दंडांकडे डोळेझाक करावी असा नव्हे. मद्यपान करून गाडी चालवणे हा किरकोळ दोष नाही. चारित्र्य तपासण्याच्या मुदतीत अशा दोन शिक्षा झालेल्यास सच्छील मानू नये, असे गृहीतक २०१९ साली अमेरिकेच्या महान्यायवाद्यांनी घालून दिले, आणि कॅनडाने २०१८ पासून या अपराधाला दहा वर्षांपर्यंतच्या कैदेची तरतूद करून त्याला गंभीर गुन्ह्यांच्या वर्गात टाकले. दुसऱ्याचा जीव धोक्यात घालणारे कृत्य आणि पत्रके वाटण्यासारखे कृत्य यांत फरक करणे, हेच तर विवेकाचे काम आहे.

अमेरिकेला हा उपदेश करताना आपण स्वतःकडेही पाहावे. आपल्या येथे सरकारी नोकरीच्या चारित्र्य पडताळणीच्या नमुन्यात हाच प्रश्न असतो आणि निवडल्या गेलेल्या अनेक तरुणांच्या नोकऱ्या जुनी किरकोळ प्रकरणे न लिहिल्यामुळे गेल्या आहेत. परस्परविरोधी निकालांचा हा गुंता आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने अवतारसिंग खटल्यात २१ जुलै २०१६ रोजी बऱ्याच अंशी सोडवला. तरुण वयात घोषणा दिल्याबद्दल झालेली शिक्षा किंवा तत्सम क्षुल्लक अपराध, जो सांगितला असता तरी उमेदवार अपात्र ठरला नसता, तो लपवल्याबद्दल नियोक्त्याला आपल्या अधिकारात क्षमा करता येईल, असे न्यायालयाने म्हटले. माहिती खरीच द्यावी, हेही न्यायालयाने तितक्याच स्पष्टपणे बजावले. न्यू हेवनच्या मैदानावरील भाषण आणि आपल्याकडील घोषणा यांच्यात सुमारे नऊ दशकांचे अंतर आहे. न्यायालये मात्र जवळपास एकाच ठिकाणी पोहोचली.

घोषणांचा विषय निघाला म्हणून महाराष्ट्रातील अर्जदारांना एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. मोर्चात, धरण्यात, रास्ता रोकोत पोलिस कार्यकर्त्यांना गाडीत बसवून नेतात व संध्याकाळी सोडून देतात. आपण तिला अटक समजत नाही. काही जण तर अभिमानाने सांगतात. पण 'कधीही स्थानबद्ध केले काय' असे जो अर्ज विचारतो, त्याच्या दृष्टीने ती स्थानबद्धताच आहे. याउलट अमेरिकेच्या तात्पुरत्या व्हिसाच्या अर्जात अटक अथवा दोषसिद्धी एवढेच विचारले जाते. तेथे वाहनाच्या ई-चलानाची धास्ती घेण्याचे कारण नाही. प्रत्येक अर्जाचा प्रश्न वेगळा असतो, म्हणून तो प्रश्नच नीट वाचावा आणि त्याचे उत्तर द्यावे. शेजाऱ्याच्या मुलाने काय लिहिले यावरून देऊ नये. दंड भरल्याची पावती व न्यायालयाचा निकालाचा कागद जपून ठेवावा. दंड भरावयाचा राहिला असेल तर आधी भरावा, कारण थकलेल्या दंडातून वॉरंट निघू शकते. अर्ज मध्यस्थाने भरला तरी खालची सही आपली असते आणि तिची जबाबदारीही आपलीच असते. शंका असेल तेथे त्या देशाच्या कायद्याचा जाणकार वकील गाठावा.

नागरिकत्व हा माणूस आणि राज्य यांच्यातील विश्वासाचा करार आहे. अर्जदाराने आपल्या भूतकाळातील लहानसहान डागही झाकू नयेत, हा त्या करारातील त्याचा वाटा होय. त्या डागांना डागांएवढेच मोठे मानावे, हा राज्याचा वाटा आहे. अर्जदाराने आपला वाटा चुकवला तर त्याला जाब विचारण्यासाठी अधिकारी, शपथ आणि शिक्षा आहेत. राज्याने आपला वाटा चुकवला तर त्याला जाब विचारण्यासाठी न्यायालयाखेरीज दुसरी जागा नाही, आणि तेथवर पोहोचण्याचे बळ व पैसा प्रत्येक स्थलांतरितापाशी नसतो. म्हणूनच विवेकाची ही कसोटी न्यायालयाच्या निकालपत्रात राहून भागणार नाही. ती अर्ज तपासणाऱ्या अधिकाऱ्याच्या टेबलावर असावयास हवी.